गजवाद्यांचे स्वरलेखन : अक्षर, चिन्ह आणि हाताची क्रिया

'मेघदूता'च्या उत्तरार्धात यक्ष मेघापुढे आपल्या विरहिणी पत्नीचे जे चित्र उभे करतो, त्यात वीणावादनाचा एक लहानसा प्रसंग आहे. मांडीवर वीणा घेऊन ती पतीचे नाव गुंफलेले गीत गाऊ पाहते, अश्रूंनी भिजलेली तार कशीबशी सारखी करते आणि स्वतःच बांधलेली मूर्च्छना पुन्हा पुन्हा विसरते. रामटेक हाच कालिदासाचा रामगिरी होय, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. १९९७ साली येथेच कविकुलगुरूंच्या नावाने संस्कृत विश्वविद्यालयही स्थापन झाले. येथील अभ्यासकाला हा श्लोक अर्थातच परिचित आहे. विरहवर्णनाचा उत्कृष्ट नमुना म्हणून त्याचे रसग्रहण करण्यात येते, आणि ते उचितच आहे. तथापि संगीतशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्याला आणखी एक प्रश्न विचारावयास हरकत नाही. यक्षपत्नी नेमके काय विसरली? स्वरांचा क्रम, की तो क्रम वाद्यावर उमटविणारी बोटांची वाट?

गायकाच्या बाबतीत हा भेद फारसा संभवत नाही. वादकाच्या बाबतीत मात्र तो मूलभूत आहे, आणि गजाने वाजविल्या जाणाऱ्या वाद्यांच्या, म्हणजे सारंगी, दिलरुबा, इसराज व व्हायोलिन यांच्या बाबतीत तर तो सर्वांत तीव्र स्वरूपात प्रकट होतो. ह्या वाद्यांवर पडदे असले तरी (दिलरुबा व इसराज यांना ते आहेत) स्वराचा आरंभ, त्याची दीर्घता, त्याचा जोर आणि पुढील स्वराशी त्याचा सांधा ही सर्व गजाच्या हालचालीवर अवलंबून असतात. आपल्याकडील प्रचलित स्वरलिपींत ही हालचाल लिहिण्याची सोय जवळजवळ नाही. गेल्या तीन दशकांत संगणकावर मजकुराच्या रूपाने संगीत लिहिण्याच्या ज्या पद्धती प्रचारात आल्या, त्यांच्या साहाय्याने ही उणीव कोणत्या प्रकारे भरून काढता येईल, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम आपल्या परंपरेकडे पाहू. स्वर अक्षरांनी लिहिणे ही येथे नवी गोष्ट नव्हे. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या दरबारी अधिकारपदावर असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' रचला. त्यात मंद्र स्वरासाठी अक्षराच्या शिरावर बिंदू आणि तार स्वरासाठी उभी रेघ अशी व्यवस्था आढळते. (याच यादव घराण्यातील रामचंद्राच्या काळचा शिलालेख रामटेकच्या लक्ष्मणमंदिरात आहे, तेव्हा देवगिरी ह्या टेकडीला परकी नाही.) त्याच ग्रंथाच्या वाद्याध्यायात गजाने वाजवावयाच्या पिनाकीचे वर्णन येते. म्हणजे स्वरलिपी आणि गजवाद्य ही दोन्ही एकाच ग्रंथात नांदत होती. परंतु स्वर लिहिणारी लेखणी गजापर्यंत पोहोचली नाही.

हाताच्या क्रियेला नावे देण्याची वृत्ती शास्त्रकारांत नव्हती असे मात्र नाही. नाट्यशास्त्राच्या एकोणतिसाव्या अध्यायात वीणेवरील आघातांचे विस्तार, करण, आविद्ध आणि व्यंजन असे चार धातू सांगितले असून त्यांचे पोटभेदही दिले आहेत. आजही सतारीचा विद्यार्थी गत शिकताना 'दा' आणि 'रा' हे बोल स्वरांबरोबरच लिहून घेतो. छेडण्याच्या वाद्यांना मिळालेला हा न्याय गजाच्या वाद्यांना छापील पुस्तकांत मिळाला नाही. याचे एक कारण उघड आहे. सारंगी दीर्घ काळ गायनाच्या साथीला राहिली. साथीदाराने गळ्यामागून जावे, अशी अपेक्षा असल्यामुळे त्याच्या हाताचे स्वतंत्र लेखन कोणाला आवश्यक वाटले नाही. पुढे साथीची ती जागाही हार्मोनियमने बव्हंशी घेतली. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर घातलेली बंदी १९७१ साली सैल होऊ लागेपर्यंत सारंगियांना निदान नभोवाणीवर आश्रय होता.

पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत वापरलेली स्वरलिपी आज सर्वत्र रूढ आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली बिंदू, ताराला वर बिंदू, समेला गुणाकाराची फुली, खालीला शून्य, एका मात्रेत बसणाऱ्या स्वरांखाली कंस आणि मींडेसाठी स्वरांवर कमान, इतक्या थोड्या साधनांत त्यांनी अफाट संग्रह ग्रथित केला. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांची लिपी निराळी. तीत मंद्राचा बिंदू रत्नाकराप्रमाणे शिरावर असतो आणि तारासाठी उभी रेघ असते. म्हणजे एकाच अक्षराच्या माथ्यावरील एकच टिंब एका पोथीत तारसप्तक सुचविते आणि दुसरीत मंद्र. दोन सप्तकांचा हा फरक केवळ टिंबाने पडत नाही. ते टिंब कोणत्या संप्रदायाचे, हे वाचकाला ठाऊक असण्या-नसण्याने पडतो.

ह्या विसंगतीबद्दल दोन्ही पंडितांना दोष देणे अन्यायाचे होईल, कारण चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध संकेताचाच असतो. शिवाय हा दोष आधुनिक साधनांतही जसाच्या तसा आढळतो. मजकुराच्या रूपातील दोन प्रसिद्ध पाश्चात्य स्वरलिपी घ्याव्यात. लोकधुनांच्या लेखनासाठी प्रचारात आलेल्या 'एबीसी' लिपीत 'यू' हे अक्षर वर जाणाऱ्या गजाचे आणि 'व्ही' हे खाली येणाऱ्या गजाचे द्योतक आहे. संगीतसंशोधनासाठी सिद्ध झालेल्या 'हमड्रम' प्रणालीतील 'कर्न' लिपीत नेमके उलट आहे : 'व्ही' म्हणजे वर जाणारा गज, 'यू' म्हणजे खाली येणारा. 'यू' हे 'अप'चे आद्याक्षर मानले तर पहिली व्यवस्था सुबोध वाटते. पाश्चात्य छापील लिपीत वर जाणाऱ्या गजाचे चिन्ह 'व्ही'च्या आकाराचे असते हे ध्यानी घेतले तर दुसरी. एका लिपीतील लेखन दुसरीत नेताना ही गोष्ट नजरेआड झाली, तर संपूर्ण रचनेतील प्रत्येक गज उलटा पडेल, आणि स्वर सर्व बरोबर असल्यामुळे चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही.

यावरून एक तत्त्व हाती लागते. स्वरलेखनाच्या मूळ पोथीत चिन्ह ठेवू नये. क्रियेचे नाव ठेवावे. चिन्ह कोणते छापावयाचे, हे नंतर ठरवावे. मजकुराधिष्ठित प्रणालींचे खरे महत्त्व ह्याच ठिकाणी आहे.

अशा प्रणालींपैकी 'लिलिपाँड' ही आज बहुधा सर्वांत समर्थ म्हणावी लागेल. हॅन-वेन निएनहाउस आणि यान निउवेनहाउझेन या दोघा डच गृहस्थांनी १९९६ साली तिचा आरंभ केला. ती मुक्त आणि विनामूल्य आहे. तीत पडद्यावर चित्र काढावयाचे नसते. साध्या मजकुराची एक संहिता लिहावयाची आणि ती संगणकाच्या स्वाधीन करावयाची. रेषा, अंतरे, चिन्हांच्या जागा यांचा निर्णय आज्ञावली घेते आणि छापण्यायोग्य पृष्ठ तयार करते. स्वर अक्षराने लिहितात. कोमल-तीव्र भेद त्या अक्षराला प्रत्यय लावून दाखवितात ('एस' लावला की स्वर उतरतो, 'इस' लावला की चढतो). वरच्या सप्तकासाठी अपॉस्ट्रॉफी आणि खालच्यासाठी स्वल्पविराम जोडतात. शेवटी कालमान सांगणारा अंक येतो. हा अंक प्रत्येक स्वरामागे लिहावा लागत नाही. एकदा दिलेला अंक नवा अंक येईपर्यंत पुढील सर्व स्वरांना लागू होतो. अष्टाध्यायीच्या वाचकाला ही अनुवृत्ती समजावून सांगण्याची गरज नाही!

गजाच्या बाबतीत लिलिपाँडमध्ये संक्षिप्त अक्षर नसून पूर्ण शब्द आहे. स्वरापुढे उलटी तिरकी रेघ देऊन 'डाउनबो' किंवा 'अपबो' असे लिहावयाचे. बोटांसाठी अंक, तारेसाठी अंक, मोकळ्या तारेसाठी आणि घसरत जाणाऱ्या स्वरासाठी स्वतंत्र शब्द, आणि एका गजात घ्यावयाच्या स्वरांभोवती कंस, अशी सर्व सोय आहे. तथापि सारंगीसाठी हे शब्द जसेच्या तसे उचलणे बरे नव्हे. व्हायोलिन खांद्यावर धरले म्हणजे गज खाली-वर जातो हे खरे. सारंगी उभी धरलेली असते, गज तळहात वर ठेवून पकडलेला असतो आणि त्याची हालचाल आडवी होते. तेथे 'वर' आणि 'खाली' यांना अर्थ उरत नाही. फ्रेंच वादक यासाठी 'ओढलेला' आणि 'ढकललेला' या अर्थाचे शब्द वापरतात. मराठीत 'ओढ' आणि 'ढकल' ही नावे सर्व गजवाद्यांना लागू पडतील. कोणत्या क्रियेत जोर अधिक, हेही गृहीत धरू नये. युरोपातील 'व्हायोल' जातीच्या वाद्यांवर गज खालून धरतात आणि तेथे जोरकस मात्रेला ढकल येते. व्हायोलिनवर ओढ येते.

आता एक साधे उदाहरण घेऊ. यमनातील एक नित्याची संगती आहे : मंद्र निषाद, ऋषभ, गंधार, ऋषभ, आणि मग षड्जावर न्यास. पहिल्या चार स्वरांना एकेक मात्रा, षड्जाला चार. भातखंडे लिपीत ही संगती एका ओळीत निःसंदिग्धपणे लिहिता येते. पण व्हायोलिनवादकाच्या हातात ती कागदाची चिठ्ठी दिली, तर तो निदान तीन रीतींनी ती वाजवू शकतो. पाचही स्वर एका ओढीत घेतले की आलापाचा सलगपणा येतो. प्रत्येक स्वराला गज बदलला की गतीचा ठसठशीतपणा येतो. पहिले तीन स्वर ओढीत आणि पुढचे दोन ढकलीत घेतले की गंधारानंतर एक सूक्ष्म श्वास पडतो. ऐकणाऱ्याला हे तीन निरनिराळे उच्चार आहेत. कागदावर ते एकच आहेत.

तारेचा प्रश्न याहून नाजूक आहे. व्हायोलिनच्या तारा सा-प-सा-प अशा मिळविल्या आहेत असे समजू. मंद्र निषाद मंद्र पंचमाच्या तारेवर मिळतो; ऋषभ आणि गंधार शेजारच्या मध्य षड्जाच्या तारेवर सहज हाताखाली येतात. सोयीचा मार्ग हाच. परंतु ह्या मार्गाने गेल्यास निषाद आणि ऋषभ यांच्यामध्ये तार बदलते, आणि तेथे मींड घेणे अशक्य होते. निषादापासून गंधारापर्यंत अखंड मींड हवी असेल तर तिन्ही स्वर पंचमाच्या तारेवरच घ्यावे लागतील. शुद्ध प्रमाणांचा हिशेब केला तर मोकळ्या पंचमाशी निषादाचे प्रमाण ५ : ४ आणि त्या गंधाराचे ५ : ३ येते. तारेची कंपनलांबी ३२.५ सेंटिमीटर धरल्यास ती निषादाला २६ आणि गंधाराला १९.५ सेंटिमीटर उरते. म्हणजे बोटाला साडेसहा सेंटिमीटर घसरावे लागते, आणि त्यासाठी सबंध हात आपली जागा सोडून पुढे सरकतो. भातखंडे लिपीतील मींडेची कमान सांगते की स्वर अखंड जावा. हा प्रवास कोणत्या तारेवरून, कोणत्या बोटाने, हे ती सांगत नाही. गायकाला ते सांगण्याची आवश्यकताही नव्हती.

ह्या कमानीविषयी एक सावधगिरीची सूचना येथेच करणे इष्ट आहे. पाश्चात्य पंचरेषी लिपीत गजवाद्यांच्या स्वरांवरील कमान म्हणजे 'हे स्वर एका गजात'. भातखंडे लिपीत वरची कमान म्हणजे मींड, आणि खालचा कंस म्हणजे एका मात्रेतील स्वर. तीन अर्थ, आणि आकार जवळजवळ एकच. दोन्ही लिपी शिकलेला विद्यार्थी यांत हमखास अडखळतो. एका गजात घेतलेले स्वर मींडेचेच असतील असे नाही. उलट दीर्घ मींडेच्या मध्यात गज संपून बदलावाही लागतो. हा बदल ऐकू येऊ न देणे हेच तर कसब!

यावर उपाय म्हणजे संहितेचे थर वेगळे ठेवणे. लिलिपाँडमध्ये न छापले जाणारे, अदृश्य असे विराम लिहिता येतात. त्यांचा उपयोग करून स्वरांची एक ओळ, गजाची दुसरी आणि तार व बोट यांची तिसरी, अशा तीन समांतर ओळी लिहाव्यात. कालमान समान असल्यामुळे आज्ञावली त्या एकमेकींवर बसविते. वरील संगतीचा आराखडा शब्दांत असा होईल :

स्वर : नि (मंद्र) – रे – ग – रे – सा (चार मात्रा)
गज : ओढ, तीन स्वरांपर्यंत – ढकल, दोन स्वर
तार : पंचमाची तार, तीन स्वर – षड्जाची तार, दोन स्वर

स्वरांच्या ओळीला हात न लावता गजाची ओळ बदलता येते, दुसऱ्या वादकाची गजाची ओळ तिच्याखाली जोडता येते, किंवा ती ओळ अजिबात न छापता केवळ गायकासाठी प्रत काढता येते. एकाच संहितेतील अंशांना खुणेची चिठ्ठी लावून त्यांपैकी हवे तेवढेच छापण्याची सोय ह्या प्रणालीत मुद्दाम ठेवलेली आहे. तालबद्ध नसलेल्या आलापासाठी मात्रागणना थांबविता येते. झपतालासारख्या २, ३, २, ३ अशा विभागांचीही अडचण पडत नाही.

संस्कृतच्या अभ्यासकाला ही रचना ओळखीची वाटेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत वर संहिता आणि खाली पाठभेद अशी पृष्ठाची मांडणी आहे. गजलेखनालाही हीच मांडणी शोभते. बंदिशीची किंवा गतीची स्वरसंहिता ही वरची ओळ. अमुक घराण्याचा, अमुक वादकाचा गज हा पाठभेद. अमुक गज 'शुद्ध' आणि इतर 'अशुद्ध' असा निवाडा देण्याचे कारण नाही. पाठ कोठून आला एवढे नोंदले म्हणजे पुरे. मजकुराच्या दोन संहिता संगणक ओळीमागून ओळ ताडून पाहू शकतो आणि त्यांतील भेद दाखवू शकतो. चित्ररूप स्वरलेखनाच्या बाबतीत हे काम डोळ्यांनीच करावे लागते. स्वरलेखन हे मजकूर झाले की पाठचिकित्सेची सारी साधने त्याला लागू होतात, हा लाभ सुबक छपाईपेक्षा कितीतरी मोठा आहे.

मात्र केवळ देवनागरीत टंकलिखित केल्याने स्वरलेखन हे चिकित्सेला योग्य होत नाही. सध्या अनेक विद्यार्थी संगणकावर भातखंडे लिपी लिहिताना तार षड्जासाठी 'सा'वर अनुस्वार देतात आणि मंद्र निषादासाठी 'न'खाली नुक्ता. डोळ्यांना ते बरोबर दिसते. यंत्राच्या दृष्टीने पहिले लेखन 'सां' हे सानुस्वार अक्षर आहे. गीताच्या शब्दांतील 'सां'पासून ते वेगळे ओळखता येत नाही. नुक्ता दिलेला 'ऩ' तर युनिकोडात स्वतंत्र वर्ण म्हणूनच नोंदलेला आहे. कोमल स्वराखालची आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावरची उभी रेघ यांसाठी ऋग्वेदाच्या मुद्रणात अनुदात्त आणि स्वरित दाखविणारी चिन्हे उसनी घेतली जातात. आकार तोच आहे. सामगायनाचे वैदिक स्वरांकन आणि भातखंडे लिपीतील लेखन एकाच ग्रंथसंग्रहात येऊ शकेल अशा विद्यापीठात ही उसनवारी पुढे त्रासदायक ठरेल. ओढ आणि ढकल यांच्या पाश्चात्य छापील चिन्हांना मात्र २००१ सालच्या युनिकोड ३.१ आवृत्तीत स्वतंत्र स्थाने मिळालेली आहेत.

लिलिपाँडच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ती मुळात पाश्चात्य पंचरेषी लिपी रेखाटण्यासाठी निर्माण झाली. भातखंडे लिपीची मांडणी तीत तयार मिळत नाही, ती बेतून घ्यावी लागते. पंचरेषी लिपीत स्वराचे स्थान निश्चित असते, आपला षड्ज चल असतो. तेव्हा षड्जासाठी एक स्वर गृहीत धरून लिहावे आणि वादकाने तो प्रत्यक्ष कोठे लावला हे संहितेच्या आरंभी नोंदवावे. सारंगीच्या बाबतीत प्रश्न आणखी बिकट आहे. तेथे तार बोटाच्या अग्राने पट्टीवर दाबली जात नाही; नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीने ती बाजूने रेटली जाते. व्हायोलिनचे बोटांचे अंक सारंगीला वापरता येतील, पण त्या अंकाने सुचणारी क्रिया निराळी राहील. घसरण हा तेथे विशेष अलंकार नसून स्वाभाविक गती आहे. म्हणून सारंगीच्या संहितेत मींडेपेक्षा, जेथे बोट बदलून स्वर तोडला आहे, ती जागा दाखविणे अधिक उपयुक्त ठरेल.

हे काम आजच हाती घेण्याचे एक कारण आहे. गजाननराव जोशी (१९११–१९८७), वि. गो. जोग (१९२२–२००४) आणि दा. के. दातार (१९३२–२०१८) यांचे व्हायोलिनवादन, तसेच सारंगीला एकल वादनाची प्रतिष्ठा मिळवून देणारे पंडित राम नारायण (१९२७–२०२४) यांचे वादन ध्वनिमुद्रणांच्या रूपाने उपलब्ध आहे. त्यांतून स्वर निःसंशय मिळतात. तयार कानाला गज कोठे बदलला हेही पुष्कळदा कळते. पण तो ओढीचा होता की ढकलीचा, स्वर कोणत्या तारेवर आणि कोणत्या बोटाने घेतला, हे ध्वनिमुद्रणावरून खात्रीने सांगता येत नाही. ते सांगू शकतील असे शिष्य आज आहेत. त्यांच्यासमोर बसून लिहावयाचे झाल्यास क्रमही उलटा ठेवावा : स्वर मागाहून ध्वनिमुद्रणावरून लिहिता येतात, तेव्हा वादकासमोरचा वेळ गज, तार आणि बोट यांच्या ओळींसाठी राखावा, आणि सारंगी असल्यास तरफांच्या तारा त्या रागासाठी कशा मिळविल्या आहेत, याची नोंद वादन सुरू होण्यापूर्वीच करून घ्यावी.